लेकीचा फोन आणखी कोण वाचतंय?

"माझी मुलगी दहावीत आहे, वय १५. तीन-चार महिन्यांपासून रात्री उशिरापर्यंत फोन हातात असतो. जवळ गेलं की स्क्रीन बंद. काही विचारलं की चिडते. माझा भाचा पुण्याला नोकरी करतो, कॉम्प्युटरमधला आहे. त्याने एक ॲप सुचवलं. फोनमध्ये टाकलं की ते दिसत नाही, पण इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर काय चाललंय ते आपल्याला कळतं. दिवाळीत आला तेव्हा त्यानेच टाकून दिलं. वर्षाचे १,८०० रुपये मी यूपीआयने भरले. त्यात एका मुलाचे मेसेज दिसले. 'झोपलीस का', 'बोलत का नाहीस', आणि परवा 'एक फोटो पाठव ना, कुणाला दाखवणार नाही'. तिने काय उत्तर दिलं ते ॲपमध्ये येत नाही. माझी झोप उडाली आहे. त्या मुलाचं अकाउंट प्रायव्हेट आहे. ते उघडून बघता येईल अशी एक वेबसाइट भाच्याने पाठवली आहे, वापरू का? आणि हे ॲप सुरक्षित असतं ना? फोन माझाच जुना आहे, बँकेला जोडलेलं माझं सिम अजून त्यातच आहे, म्हणून विचारते. मिस्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. जाता जाता आणखी एक, हेच ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकता येईल का?"

एक आई, फलटण

ताई, पुढचं वाचण्याआधी उठा आणि बँकेचं सिम त्या फोनमधून काढून स्वतःच्या फोनमध्ये टाका. मुलगी शाळेत असेल तर आल्या आल्या. "दर वेळी ओटीपी तुला विचारत बसावं लागतं" एवढं कारण तिला पुरे, आणि ते खोटंही नाही. बाकीचं सावकाश बोलू.

ही घाई का, ते सांगते. अशी ॲप्स फोनमध्ये शिरताना सहसा एसएमएस वाचायची परवानगी घेतात, आणि वाचलेला एसएमएस आपल्या सर्व्हरवर पाठवतात. मुलीच्या मैत्रिणीचा मेसेज कोणता आणि बँकेचा कोणता, असा भेद त्यांना करता येत नाही आणि करायचाही नसतो. म्हणजे दिवाळीपासून तुमचा पगार कधी जमा झाला, खात्यात काय उरलं, कोणता ओटीपी किती वाजता आला, ही सगळी नोंद कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर साठत असणार. अजून काही गेलं नसेल तर ते नशीब. पासबुक भरून घ्या आणि ओळख न पटणारा एखादा व्यवहार दिसतोय का ते बघा. दिसला, तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, कारण पत्रात त्याचं उत्तर नाही. या ॲपचं खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय? "त्यानेच टाकून दिलं" हे वाचून मला वाटतं, भाच्याच्याच. तसं असेल तर तुमच्या मोबाइलवर जे दिसतं ते सगळं पुण्यात बसून त्यालाही दिसतं, कदाचित तुमच्याआधी. मेसेज, लोकेशन, आणि मुख्य म्हणजे गॅलरी. पंधरा वर्षांच्या मुलीच्या गॅलरीत काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आरशासमोर कपडे घालून बघताना काढलेले फोटो असतात, पाळीच्या तारखा टिपलेल्या असतात, मैत्रिणीने रडत रडत पाठवलेलं काहीतरी असतं. भाचा सज्जन असेल, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तिचा हा कोपरा तिच्या मावसभावाला उघडा असावा, असं तुम्हाला शुद्धीत असताना कुणी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का? आणि हे त्याच्याही गळ्याशी येऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाबद्दलचं आहे. बाईचा इंटरनेटवरचा वावर, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवाद यांवर नजर ठेवणारा पुरुष त्यात येतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उद्या काही बिनसलं तर "मावशीने सांगितलं होतं" हा बचाव त्याला कितपत पुरेल?

भाच्याच्या पलीकडे खुद्द कंपनी आहे. "सुरक्षित असतं ना?" याचं सरळ उत्तर: नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. या धंद्याचा गेल्या दहा वर्षांचा हिशेब काढला तरी पुरतं.

एमस्पाय हे यातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं नाव. "पालकांसाठी" म्हणूनच विकलं जातं. २०१५ साली त्यांचा डेटा चोरीला जाऊन इंटरनेटच्या अंधाऱ्या बाजूला येऊन पडला. २०१८ मध्ये लाखो नोंदी असलेला डेटाबेस उघडा सापडला. २०२४ मध्ये पुन्हा. या खेपेला बाहेर आला तो ग्राहकांनी मदतीसाठी केलेला पत्रव्यवहार, सुमारे २४ लाख ईमेल पत्त्यांसकट. म्हणजे ज्यांनी "बायकोच्या फोनमध्ये हे कसं टाकू" म्हणून विचारलं होतं, त्यांची पत्रं त्यांच्याच पत्त्यासह चव्हाट्यावर आली. लेटमीस्पाय हे पोलंडचं ॲप. जून २०२३ मध्ये कुणीतरी ते फोडलं, आणि ऑगस्टअखेर कंपनीने दुकानच बंद केलं. पीसीटॅटलटेलची गोष्ट आणखी मजेची, म्हणजे ज्यांचं काही गेलं नाही त्यांच्यासाठी. मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही हॉटेलांच्या स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर ते बसलेलं सापडलं. पाहुण्यांच्या बुकिंगच्या स्क्रीनची छायाचित्रं काढून ते साठवत होतं आणि ती बाहेरच्यांनाही बघता येत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॅकरने कंपनीच्या संकेतस्थळाचीच दशा करून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोकोस्पायचा नंबर लागला. त्यातल्या एका चुकीमुळे पाळत असलेल्या फोनमधले मेसेज, फोटो, कॉलची यादी कुणालाही काढता येत होती, आणि पाळत ठेवणाऱ्या सुमारे १८ लाख ग्राहकांचे ईमेल पत्तेही.

तुमच्या प्रकरणाच्या सगळ्यात जवळचं आहे ते कॅटवॉचफुल. मुलांवर लक्ष ठेवायचं ॲप, "अदृश्य, कुणालाही सापडणार नाही" अशी जाहिरात. २०२५ च्या जून-जुलैत एरिक डेगल या कॅनडातल्या संशोधकाने त्याचा अख्खा डेटाबेस बाहेर काढून दाखवला. भोकही अगदी जुनं, एसक्यूएल इंजेक्शन नावाचं. कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना ते पहिल्यादुसऱ्या वर्षातच टाळायला शिकवतात. आत ६२ हजारांहून जास्त ग्राहकांचे ईमेल होते आणि त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, साध्या अक्षरांत लिहिलेले. त्याशिवाय २६ हजार फोनमधला माल. हे फोन कुठकुठले होते, तर मेक्सिको, कोलंबिया, भारत, पेरू, अर्जेंटिना. आपला देश पहिल्या तिनांत आहे. त्यात एखादा फोन साताऱ्याकडचा किंवा नाशिककडचा नसेलच, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

यात प्रत्येक वेळी दोघं उघडे पडतात, हे लक्षात घ्या. ज्याच्यावर पाळत आहे तो, आणि जो पाळत ठेवतो तोही. तुम्ही खातं उघडताना जो पासवर्ड दिला, तोच जीमेलला किंवा बँकेला असेल तर तो फुटल्यावर सगळीच दारं उघडली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

आता असं का होतं, यावर थोडं थांबते, कारण "ते ॲप वाईट होतं, आमचं चांगलं आहे" असं भाचा म्हणणार आहे. बँकेचं ॲप फुटलं तर ग्राहक ओरडतात, रिझर्व्ह बँक विचारते, पेपरात येतं. चोरून पाळत ठेवणाऱ्या ॲपचा ग्राहक कुठे ओरडणार? "मी बायकोच्या फोनमध्ये लपून टाकलेलं ॲप फुटलं हो" अशी तक्रार घेऊन ग्राहक आयोगात कोण जाईल? कंपनीलाही हे पक्कं माहीत असतं. मालकाचं नाव नसतं, पत्ता एका देशातला, पैसे घेणारा दुसऱ्या देशातला, सर्व्हर तिसऱ्याच ठिकाणी. सुरक्षेवर खर्च कशाला करायचा? दंडाची भीती असती तर केला असता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये स्पायफोन ही कंपनी आणि तिचा प्रमुख यांना या पाळतीच्या धंद्यातून बाहेर काढलं, गोळा केलेला डेटा पुसायला लावला. पण अशी कारवाई क्वचित होते, आणि एक दुकान उठलं की तोच माल नव्या नावाने शेजारी लागतो.

ॲप टाकताना भाच्याने काय काय केलं असेल ते मी न बघता सांगते. ते प्ले स्टोअरवर मिळालं नसणार. गुगलने लपून पाळत ठेवणाऱ्या ॲप्सना तिथे बंदी घातली आहे. म्हणून वेबसाइटवरून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरवली. मग फोन म्हणाला, "ही फाइल धोकादायक असू शकते", तर "अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करू द्या" हे चालू केलं. मग प्ले प्रोटेक्टने, म्हणजे ॲप्स तपासणाऱ्या गुगलच्या पहारेकऱ्याने, अडवलं, तर प्ले प्रोटेक्टच बंद केलं. मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली. ही खरं तर दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲप्ससाठी केलेली सोय आहे. ती मिळाली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, टाइप केलेलं टिपता येतं, वर तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. बँकेची खाती साफ करणारी बनावट ॲप्सही हीच परवानगी मागतात. आरटीओ चलनाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर ज्या एपीके फाइली फिरतात, त्यांच्यासाठी तुमच्या मुलीच्या फोनचं दार दिवाळीपासून सताड उघडं आहे. प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू करायला कुणाला आठवतं?

इतकं करून तुमच्या पदरात काय पडलं? निम्मं संभाषण. हा भाग मला सगळ्यात जास्त खटकला. स्क्रीन वाचायची परवानगी घेऊनही अशी बरीच ॲप्स इन्स्टाग्रामच्या आत शिरत नाहीत, फक्त वर येणारी नोटिफिकेशन वाचतात, आणि तुमचंही त्यातलंच दिसतं. समोरच्याचा मेसेज आला की नोटिफिकेशन येतं, म्हणून तो तुम्हाला दिसतो. मुलीने लिहिलेल्या उत्तराचं नोटिफिकेशन तिच्याच फोनवर कसं येणार? म्हणून ते नाही. "एक फोटो पाठव ना" यानंतर तिने "वेडा आहेस का" लिहिलं असेल, ब्लॉक केलं असेल, मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवून दोघी हसल्या असतील, किंवा खरंच पाठवला असेल. तुम्ही मात्र रात्रभर जागून त्या रिकाम्या जागेत सगळ्यात वाईट तेवढंच भरत बसलात. हे कळायला एकच मार्ग आहे, तिला विचारणं. त्याकडे येते.

त्याआधी ती वेबसाइट. वापरू नका. प्रायव्हेट अकाउंटचे फोटो इन्स्टाग्राम फक्त त्या माणसाने मंजूर केलेल्या फॉलोअरलाच देतं, त्यामुळे बाहेरची कुठलीही साइट ते आणणार कुठून? तिथे नाव टाकलं की एक चक्र फिरतं, "८७ टक्के डेटा मिळाला" असं काहीतरी येतं, मग "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणून सर्व्हे, ॲप उतरवा, किंवा सरळ तुमचंच इन्स्टाग्रामचं लॉगिन मागतात. "तुमचं प्रोफाइल कोणी बघितलं" हे सांगणारी ॲप्सही त्याच माळेतली. २०१५ मध्ये इन्स्टाएजंट नावाचं असं ॲप लोकांचे इन्स्टाग्रामचे पासवर्ड उचलून भलत्याच सर्व्हरवर पाठवताना सापडलं, तेव्हा ॲपल आणि गुगल दोघांनाही ते काढून टाकावं लागलं होतं. दहा वर्षं झाली, गळ तोच आणि मासेही नवे नवे मिळताहेत.

आता काढायचं कसं. ॲपच्या वेबसाइटवर जाऊन आधी तिथला साठवलेला डेटा पुसा आणि खातं बंद करा. ते खरंच पुसतील याची हमी नाही, पण करा. यासाठी भाच्याकडून पासवर्ड घ्यावा लागला तर घ्या, फोनवर त्याच्याशी बोलत असतानाच खातं बंद करा. मग मुलीच्या फोनवर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन जागा बघा. तिथे "सिस्टिम सर्व्हिस", "वायफाय", "सिंक" अशा साळसूद नावाने ते बसलेलं असेल. कोणतं ते भाच्याला विचारा, अंदाजाने फोनचं खरं काही बंद करू नका. तिन्ही ठिकाणची परवानगी काढली की मगच ॲप्सच्या यादीतून ते उडवता येईल. नाहीतर फोन "काढता येत नाही" म्हणेल. नंतर प्ले प्रोटेक्ट चालू, स्कॅन, आणि "अज्ञात ॲप्स" ची परवानगी क्रोम, व्हॉट्सॲप, फाइल्स सगळ्यांची बंद. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून अनोळखी काही जोडलेलं आहे का ते बघा. मनात शंका उरली तर फोटोंचा बॅकअप घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा, एका संध्याकाळचं काम आहे. "ॲप काढून टाकणारं ॲप" मात्र शोधत बसू नका, ते आगीतून फुफाट्यात.

पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, तुमच्या स्वतःच्या: मुलीचं गुगल खातं, तिचं इन्स्टाग्राम (ती सोबत असताना), आणि तुम्ही ॲपला दिलेला पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघा. १,८०० रुपये भरताना नकळत दरवर्षीचा आदेश दिला गेला असेल तर तो रद्द करा.

इथे दुसऱ्या कुणा वाचक भगिनीसाठी एक ओळ. असं ॲप तुमच्या फोनमध्ये नवऱ्याने किंवा कुणी टाकलंय अशी शंका असेल आणि त्या माणसाची भीती वाटत असेल, तर वरचं सगळं घाईने करू नका. ॲप काढल्याचं त्याला लगेच कळू शकतं. आधी दुसऱ्याच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला बोला, मग ठरवा.

ताई, आता मुलीशी बोलणं. ॲप गुपचूप काढून टाकावं आणि विषय संपवावा असं वाटेल. पण मग त्या मुलाच्या मेसेजचं काय करणार? तुम्हाला ते माहीत आहे, आणि कसं माहीत हे सांगता येत नाही, अशा अवस्थेत तुम्ही आडून आडून विचारत राहाल. मुली या बाबतीत फार हुशार असतात. दोन दिवसांत तिला पाणी कुठे मुरतंय ते कळेल. आणि तिला ते स्वतःहून सापडणं हे तुम्ही सांगण्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून सांगा. वडील घरी नसताना, जेवणाच्या ताटावर नको, दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर अजिबात नको. भाच्याचं नाव पुढे करू नका, टाकायचं तुम्ही ठरवलंत. काहीसं असं: "मला तुझी काळजी वाटत होती, आणि मी तुला न विचारता तुझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून घेतलं. ते मी आता काढलंय. माझं चुकलं. त्यात एका मुलाचे मेसेज मी वाचले, तो फोटो मागत होता. तू काय केलंस ते मला माहीत नाही. काहीही केलं असशील तरी मी तुझ्या बाजूने आहे, आणि फोन काढून घेणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि पाळा. मुलींना अडकवणाऱ्यांचं हत्यार नेहमी एकच असतं, "तुझ्या घरी सांगेन". फोटो गेला असो वा नसो, ज्या क्षणी तिला कळतं की आईला माहीत आहे आणि आकाश कोसळलेलं नाही, त्या क्षणी ते हत्यार बोथट होतं. फोन काढून घेतलात, तर पुढच्या वेळी ती मैत्रिणीच्या फोनवरून बोलेल आणि तुम्हाला काही सांगायच्या आधी दहा वेळा विचार करेल.

ती चिडेल. रडेल, दोन दिवस बोलणार नाही. पुण्याच्या दादाने सगळं पाहिलं का, हे विचारेल, आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागेल. ते ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका.

तो मुलगा कोण, हे तिच्याकडून कळेल. तिच्याच वर्गातला पोरगा असेल तर तो एक प्रश्न. दोन्ही घरांनी शांतपणे बोलून सुटण्यासारखा असू शकतो. पण तो पंचविशीचा निघाला, खोट्या नावाचं अकाउंट असलं, किंवा फोटो मिळाल्यावर धमकी देत असला तर मामला वेगळा. अठराखालच्या मुलीशी लैंगिक हेतूने फोन-इंटरनेटवरून वारंवार संपर्क करणं हा २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा ब्लॉक करायच्या आधी त्याच्या प्रोफाइलचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ आणि त्याचं युजरनेम दिसेल असे, इन्स्टाग्राममधूनच. हेरगिरीच्या ॲपमधले नकोत. त्या अर्ध्या संभाषणावर त्याचा वकील पहिल्याच दिवशी बोट ठेवेल. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठीच्या विभागात करता येते, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा, महिला अधिकारी मागा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. फोटो गेलाच असेल तर "टेक इट डाउन" नावाची विनामूल्य सेवा बघा. १८ खालच्यांसाठीच आहे. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो, आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून तो ओळखून काढून टाकू शकतात. पैसे मागितले तर एक रुपयाही द्यायचा नाही.

लक्ष ठेवणंच चूक आहे, असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीवर आईचं लक्ष नसेल तर कुणाचं असणार? पण ते तिला दिसेल असं ठेवा. इन्स्टाग्रामची टीन अकाउंट भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली आहेत. सोळाच्या आतल्यांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, तिच्याशी जोडलेला नसलेला माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. ही बंधनं सैल करायची तर आई-वडिलांची परवानगी लागते. पालक म्हणून जोडून घेतलंत तर गेल्या सात दिवसांत ती कुणाकुणाशी बोलली ती नावं दिसतात, मजकूर दिसत नाही. माझ्या मते आईला एवढंच दिसायला हवं. अडचण एकच. अनेक पोरं अकाउंट उघडताना जन्मसाल पुढचं-मागचं टाकून वीस-बावीस वर्षांची झालेली असतात, आणि मग यातलं काहीच लागू होत नाही. ते आधी दुरुस्त करा. फोनसाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे, फुकट आणि प्ले स्टोअरवरचं. कोणतं ॲप उतरवायचं, किती वाजता फोन बंद, ते ठरवता येतं, आणि फोनमध्ये ते उघड दिसतं. आणि रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचा आणि मिस्टरांचाही. हे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त चालतं.

मिस्टरांच्या फोनचं विचारलंत, ते "जाता जाता" नव्हतं हे मला कळलं. उत्तर नाही. मुलगी अज्ञान आहे आणि फोन तुमचा होता, तेवढा तरी आडोसा तुम्हाला होता. सज्ञान माणसाच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नवरा-बायको असल्याने यात सूट मिळत नाही. कुणी सांगेल की १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात चालेल असं म्हटलंय. म्हटलंय खरं. पण ते, आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते टेप करून पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल का, याबद्दल आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये हेर बसवायची मुभा त्यात शोधू नका. आणि तुमच्या दोघांच्या बँकेचे ओटीपी त्या फोनवर येत असतील, तर सुरुवातीला सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहे.

तिथे काय खुपतंय ते वेगळ्या पत्रात सविस्तर लिहा. वकिलाकडे जायची वेळ आलीय की नुसतं समोर बसून बोलायची, ते बघू. मुलीचं प्रकरण मिटेपर्यंत मात्र त्यांना अंधारात ठेवू नका. तक्रार करायची वेळ आलीच तर पोलीस ठाण्यात तिच्यासोबत तुम्ही दोघंही असलेलं बरं.